मेलेली रायफल चालते

कावळे मारायच्या बंदुकीत जपण्यासारखं काय असतं, असं विचारणाऱ्याला मी आधी तिच्या नळीत डोळा लावायला सांगतो. आत आटे दिसतात, एका अंगाला वळत गेलेले. गोळीला भोवऱ्यासारखं फिरवतात ते हेच. रायफल म्हणजे एवढंच. बाकीचं लाकूड आणि लोखंड.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात 'रूक रायफल' नावाची ही नाजूक बंदूक निघाली. रूक हा कावळ्याचा भाऊबंद. मे महिन्यात त्याची पिल्लं घरट्याबाहेर फांदीवर येऊन बसत, तेव्हा लोक ती टिपत आणि मैद्याच्या पारीत भाजून खातही. पॉइंट ३०० मापाच्या, पाचेक ग्रॅमच्या शिशाच्या गोळीला पाऊण ग्रॅमसुद्धा दारू लागत नसे. पण ते खेळणं नव्हतं. १८८३ साली लंडनच्या 'द फील्ड' साप्ताहिकाने रायफलींच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा हॉलंड अँड हॉलंडने रूक रायफलीपासून ४ बोअरच्या हत्तीमार बंदुकीपर्यंत सगळ्या वर्गांत बाजी मारली. हत्तीसाठी जो हात, तोच कावळ्यासाठी.

पुढे स्वस्त काडतुसांची पॉइंट टू-टू आली. (आपल्यातल्या कित्येकांनी एनसीसीत जमिनीवर पालथं पडून चालवली, तेच माप.) त्यातच १९२० साली ब्रिटिश कायदा आला: आटेदार नळीला पोलिसांचा दाखला हवा, छर्ऱ्याच्या सपाट नळीला नको. मग लोकांनी काय केलं? नळ्या आतून कोरून आटे उडवले आणि रायफलींच्या पॉइंट ४१० च्या छर्ऱ्याच्या बंदुका केल्या. कुणी आत पॉइंट टू-टूची नळी बसवून घेतली. आज अशी बंदूक हातात घ्या. वरचं कोरीवकाम तसंच आहे, अक्रोडाचा दस्ता तसाच आहे, आत मात्र काही नाही.

हे सांगतोय ते इंग्रजांच्या खोड्या काढायला नव्हे. आपण वेगळं काय करतोय? १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ जुन्या, पुरातन मोलाच्या हत्याराला सूट देतं, पण एका अटीवर: ते दुरुस्त करूनही चालता कामा नये. म्हणजे शंभर वर्षांची रायफल शाबूत असेल तर गुन्हा टाळायला परवाना काढा, मेलेली असेल तर खुशाल भिंतीवर लावा! त्यात २०१९ च्या दुरुस्तीने तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा ठेवली. वारशाने आलेलीही या दोनांतच. जास्तीची वर्षभरात ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. नेमबाजांना सवलत मिळाली. आजोबांची रूक रायफल पेटीत ठेवणाऱ्याने काय करायचं? शेतराखणीची बंदूक सोडायची की आजोबांची?

माझ्याकडे एकही बंदूक नाही, तेव्हा स्वार्थाचा आरोप नको. संग्राहकांचीही मी भलामण करणार नाही. हस्तिदंती मुठीच्या संस्थानी बंदुकांमागे धावणारे आणि जुन्या नळीला नवी काळी झळाळी देऊन आणणारे हौशी लोक गिरमिटवाल्यांचेच चुलतभाऊ आहेत.

सुरक्षेचा मुद्दा खरा आहे. ब्रिटनमध्ये कालबाह्य मापांच्या यादीतल्या बंदुका शोभेसाठी विनापरवाना ठेवता येतात. तिथे गुन्हेगारांनी जुन्या रिव्हॉल्व्हरांसाठी काडतुसं बनवून घेतली. पण मग २०२१ च्या नियमांत त्यांनी काय केलं? काही मापं नाव घेऊन यादीतून काढली. रूक रायफलीचं पॉइंट ३०० राहिलं. खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर आणि हातभर लांब नळीची एकबारी रायफल यांत फरक असतो, हे ओळखायला फक्त बसून यादी करावी लागते.

तेवढी यादी आपल्याकडे करा. ज्या मापांची काडतुसं बाजारात मिळत नाहीत, त्या जुन्या रायफली दोनच्या हिशोबातून बाहेर काढा. नोंद करा, फोटो ठेवा, वर्षातून एकदा घरी येऊन बघा, एकही काडतूस देऊ नका. फक्त नळीला हात लावू नका.