विश्लेषण : ‘बॅकफ्लो’ चाचणीला किती वेळ लागतो? आणि ती करावी का लागते?

अमेरिकेतील अनेक शहरांत दरवर्षी पाणीपुरवठा विभागाचे एक पत्र ठरावीक ग्राहकांच्या घरी येते. अंगणात स्प्रिंकलर असलेली घरे, उंच इमारती, हॉटेले, दवाखाने, कारखाने यांना कळवले जाते, की अमुक तारखेच्या आत ‘बॅकफ्लो’ चाचणी करून अहवाल सादर करा. अन्यथा पाणी तोडले जाऊ शकते. तिथे स्वतःचे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही हे पत्र येते आणि पहिला प्रश्न पडतो तो वेळेचा. त्याचे उत्तर सोपे आहे. घरगुती उपकरणाची चाचणी साधारण १५ ते ३० मिनिटांत होते. मोठ्या इमारतीत अर्धा ते एक तास लागतो. मात्र या अर्ध्या तासात नेमके काय तपासले जाते आणि ते टाळले तर काय होऊ शकते, हे महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांनीही समजून घेण्यासारखे आहे.

बॅकफ्लो म्हणजे काय?

जलवाहिनीतले पाणी दाबामुळे घराकडे येते. हा दाब उलटला तर पाणीही उलटे फिरते आणि घरातले, टाकीतले किंवा कारखान्यातले पाणी सार्वजनिक वाहिनीत शिरते. यालाच बॅकफ्लो म्हणतात. तो दोन प्रकारे होतो. पहिल्या प्रकारात मुख्य वाहिनीतला दाब अचानक घटतो. वाहिनी फुटली, जवळ आग लागून अग्निशमन दलाने मोठ्या प्रमाणावर पाणी घेतले किंवा दुरुस्तीसाठी पुरवठा बंद केला, की वाहिनी आजूबाजूचे पाणी ओढू लागते. बादलीत बुडवून ठेवलेल्या पाइपातून पाणी परत खेचले जावे, तसाच हा प्रकार. दुसऱ्या प्रकारात ग्राहकाकडील दाब वाहिनीपेक्षा जास्त होतो. पाणी १० मीटर उंच चढवायला सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब लागतो. म्हणजे २० मजली इमारतीच्या पंपाचा दाब सहा किलोच्या घरात जातो. अशा पंपाची वाहिनी थेट सार्वजनिक वाहिनीला जोडलेली असेल, तर पाणी कुठल्या दिशेने ढकलले जाईल हे वेगळे सांगायला नको.

उपकरण कसे असते?

धोका किती, यावर उपकरण ठरते. अंगणातील स्प्रिंकलरसाठी बऱ्याचदा हवा आत घेणारी झडप असते; दाब घटला की ती उघडते, हवा आत येते आणि पाणी ओढले जात नाही. मध्यम धोक्यासाठी एकामागोमाग दोन झडपा असतात. एक बिघडली तर दुसरी पाणी अडवते. रसायने, सांडपाणी, रुग्णालय अशा मोठ्या धोक्याच्या ठिकाणी दोन झडपांच्या मध्ये कमी दाबाचा कप्पा आणि त्याला एक सुटका झडप असते. पहिली किंवा दुसरी झडप गळू लागली, तर ते पाणी वाहिनीत न जाता सुटका झडपेतून बाहेर जमिनीवर पडते. या सर्व उपकरणांना छोट्या चाचणी तोट्या असतात. आपल्याकडे पंपाजवळ बसवल्या जाणाऱ्या साध्या ‘एनआरव्ही’ला त्या नसतात. त्यामुळे आत खडा किंवा गंज अडकून तो अर्धवट उघडा राहिला, तरी बाहेरून कळत नाही.

अर्ध्या तासात नेमके काय होते?

प्रमाणपत्रधारक तंत्रज्ञ प्रथम उपकरणाचा अनुक्रमांक नोंदीशी जुळवतो आणि पाणी बंद होणार असल्याची कल्पना देतो. मग चाचणी तोट्या थोड्या उघडून आतला गाळ वाहू दिला जातो आणि त्यांना दाबातील फरक मोजणाऱ्या गेजच्या नळ्या जोडल्या जातात. एका बाजूचा व्हॉल्व्ह बंद केला, की मोजणी सुरू होते.

सुटका झडप असलेल्या उपकरणात दोन कप्प्यांतील दाबाचा फरक हळूहळू कमी केला जातो. तो दोन पीएसआयच्या खाली जाण्याआधी सुटका झडप उघडून पाणी बाहेर पडू लागले पाहिजे. त्यानंतर दोन्ही झडपा घट्ट बसतात का, हे पाहिले जाते. दुहेरी झडपेच्या उपकरणात प्रत्येक झडपेने किमान एक पीएसआय दाब धरून ठेवला पाहिजे. हवा घेणाऱ्या झडपेसाठीही मर्यादा एक पीएसआयचीच आहे. मोजणी पाच-दहा मिनिटांची असते. उरलेला वेळ नळ्या जोडणे, हवा काढणे, व्हॉल्व्ह पूर्ववत करणे आणि अहवाल भरणे यात जातो. या काळात घराचे किंवा इमारतीचे पाणी साधारण १० ते २० मिनिटे बंद राहते.

वेळ कुठे वाढतो?

जुने व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसतील, तर मोजणीच करता येत नाही. उपकरण जमिनीखालच्या खड्ड्यात असेल आणि खड्ड्यात पाणी साचले असेल, तर आधी ते उपसावे लागते. आग विझवण्याच्या वाहिनीवरील सहा-आठ इंची उपकरणांसाठी आधी अलार्मची देखरेख करणाऱ्यांना कळवावे लागते. नाहीतर दाब घटताच आगीची घंटा वाजते. रुग्णालयात किंवा हॉटेलात पाणी बंद ठेवणे अवघड असल्याने काम रात्री करावे लागते. चाचणी फसली तर झडप उघडून साफ करणे, रबरी वॉशर किंवा स्प्रिंग बदलणे आणि नव्याने चाचणी करणे यात एक-दोन तास जातात. सुटा भाग मिळत नसेल तर काम काही दिवस लांबते. थंड प्रदेशात स्प्रिंकलरची वाहिनी हिवाळ्यात रिकामी केली जाते. त्यामुळे तिथल्या चाचण्या वसंतात एकदम येतात आणि तंत्रज्ञाची वेळ मिळायलाच आठवडे लागू शकतात.

दरवर्षी कशासाठी?

झडपेतले रबर कडक होते, स्प्रिंग सैल पडते, वाहिनीतला बारीक खडा झडपेच्या तोंडावर बसतो. रोजचे पाणी मात्र नेहमीसारखे येत राहते. म्हणजे ही झडप बिघडली आहे हे ती लागेपर्यंत कळतच नाही. म्हणून बसवल्यावर, दुरुस्तीनंतर आणि त्यापुढे वर्षातून एकदा चाचणी, असा नियम अमेरिकेतील बहुतेक ठिकाणी आहे. तो एकच देशव्यापी कायदा नसून राज्ये आणि शहरे आपापले नियम करतात. ब्रिटनमध्ये १९९९च्या नियमांनी पाण्याचे धोक्यानुसार पाच वर्ग केले आहेत आणि सुटका झडप असलेल्या उपकरणांची चाचणी तिथेही दरवर्षी होते. तंत्रज्ञाच्या गेजचीही ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी लागते.

दुर्लक्षाची किंमत काय?

शिकागोत १९३३ साली जागतिक प्रदर्शन भरले असताना दोन हॉटेलांमधील सदोष जोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले. अमीबाजन्य आमांशाची साथ पसरली आणि ९८ जणांचा मृत्यू झाला. प्रदर्शनाला आलेले पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडू लागल्याने साथ लक्षात यायलाही वेळ लागला.

मॅसॅच्युसेट्समधील होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाला १९६९ मध्ये काविळीने गाठले. जवळच्या आगीसाठी पाणी घेतले गेल्याने वाहिनीतला दाब घटला आणि मैदानावरील स्प्रिंकलरच्या खड्ड्यातले दूषित पाणी खेळाडूंच्या पिण्याच्या नळात ओढले गेले. संघातील सुमारे ९० जणांना लागण झाली आणि दोन सामन्यांनंतर संघाचा हंगाम रद्द करावा लागला.

टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी या तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात डिसेंबर २०१६ मध्ये डांबरासाठी वापरले जाणारे रसायन बॅकफ्लोमुळे पाण्यात शिरल्याच्या संशयावरून नळाचे पाणी वापरू नका, असा आदेश निघाला. तो पूर्ण उठायला सुमारे चार दिवस लागले. रसायन असल्याने पाणी उकळूनही उपयोग नव्हता.

फिनलंडमधील नोकिया शहरात २००७ मध्ये सांडपाणी प्रकल्पात पिण्याच्या पाण्याची आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची वाहिनी एका व्हॉल्व्हने जोडलेली होती. तो उघडा राहिला आणि आठ हजारांहून अधिक लोक आजारी पडले.

महाराष्ट्रात स्थिती काय?

इथे अशी सार्वत्रिक वार्षिक चाचणी रुळलेली नाही, मात्र धोका अधिक आहे. अमेरिकेत वाहिनीतला दाब घटणे ही अपवादाची घटना मानली जाते. राज्यातील बहुतेक शहरांत पाणी दिवसातले काही तासच येते. पुरवठा थांबला की वाहिनी रिकामी होत जाते आणि तिच्यात ओढ निर्माण होते. म्हणजे दाब घटण्याची घटना इथे रोज घडते. त्यात नळाला थेट मोटर लावली, की ओढ आणखी वाढते; एका घरच्या मोटरमुळे शेजारच्या गटाराजवळील गळक्या सांध्यातून घाण आत येऊ शकते.

सीमेपलीकडच्या हुबळी-धारवाडमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा फरक मोजला गेला. अखंड पुरवठ्याच्या भागातील नळांच्या ०.७ टक्के नमुन्यांत ई-कोलाय जिवाणू आढळले. ठरावीक वेळी पाणी येणाऱ्या भागात हे प्रमाण ३१.७ टक्के होते. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने आणि नागपूरने चोवीस तास पुरवठ्याची वाट धरली. त्यात सोयीइतकाच शुद्धतेचाही मुद्दा आहे.

इथे एक मर्यादाही लक्षात घ्यावी लागेल. बॅकफ्लोची उपकरणे ग्राहकाच्या जोडणीतून होणारे दूषण रोखतात. रस्त्याखालच्या गळतीतून आत येणारी घाण ती थांबवू शकत नाहीत. म्हणून परदेशी नियम जसाच्या तसा इथे आणून भागणार नाही. गळती रोखणे आणि वाहिनी सतत दाबाखाली ठेवणे ही महापालिकांची जबाबदारी राहतेच. मात्र इमारतीच्या आतील चुका रोखण्यासाठी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

सोसायटीला काय तपासता येईल?

सर्वांत खात्रीचा उपाय यंत्राविना होतो. भूमिगत टाकीत पाणी सोडणाऱ्या पाइपाचे तोंड, टाकी भरून वाहू लागते त्या पातळीच्या वर असले पाहिजे. मधली मोकळी जागा पाइपाच्या व्यासाच्या किमान दुप्पट आणि कमीत कमी २५ मिलिमीटर असावी, असा प्लंबिंगचा सर्वमान्य दंडक आहे. हवेतून पाणी परत चढू शकत नाही, म्हणून या अंतराला कुठल्याही झडपेची सर येत नाही. पाइप पाण्यात बुडालेला असेल, तर पुरवठा बंद होताच टाकीतले पाणी वाहिनीत ओढले जाऊ शकते. टाकी साफ करताना ही तपासणी पट्टी लावून पाच मिनिटांत होते.

दुसरी तपासणी जोडण्यांची. अनेक संस्थांमध्ये बोअरवेल किंवा टँकरची वाहिनी महापालिकेच्या वाहिनीला एका व्हॉल्व्हने जोडलेली असते. नव्या मोठ्या संकुलांत फ्लशसाठी प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची स्वतंत्र वाहिनी असते आणि टंचाईच्या वेळी सोय म्हणून ती पिण्याच्या वाहिनीला जोडण्याचा मोह होतो. नोकियात घडले ते नेमके अशाच जोडणीमुळे. तपासण्यासाठी पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा खालचा व्हॉल्व्ह बंद करावा, फ्लशची वाहिनी सुरू ठेवावी आणि स्वयंपाकघरातील तोटी उघडून ठेवावी. पाइपातले उरलेले पाणी संपल्यावर धार थांबली पाहिजे. ती सुरूच राहिली, तर दोन वाहिन्या कुठेतरी जोडलेल्या आहेत असे समजून प्लंबरला बोलवावे. त्या दिवशी तो नळ पिण्यासाठी वापरू नये. यालाही अर्धा तास पुरतो.

शौचालयातील जेट स्प्रे कमोडमध्ये लोंबकळत ठेवणे आणि पिंपात पाइप बुडवून नळ सुरू ठेवणे या सवयीही सोडायला हव्यात. महापालिकांनी नवी जोडणी देताना आणि भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी मोकळे अंतर व वाहिन्यांचे वेगळेपण तपासून त्याची नोंद ठेवली, तर फारसा खर्च येणार नाही. संस्थांनी वर्षातून दोनदा टाकी साफ करून घेताना त्याच दिवशी या दोन तपासण्या उरकाव्यात आणि निष्कर्ष सूचना फलकावर लावावा.