अर्जाची सत्यप्रत

वाचकहो, आमचे निम्मे आयुष्य कचेरीत अर्ज वाचण्यात गेले आणि उरलेले वस्तीतल्या माणसांना अर्ज लिहून देण्यात. त्यामुळे जुना अर्ज कुठलाही असो, आम्ही तो खालून वाचतो. मागणी काय, साक्षीदार कोण आणि प्रत मागितली की नाही, हे आधी बघतो.

असाच एक अर्ज मेक्सिकोतल्या केरेतारो गावचा, ८ जानेवारी १६०० चा. तिथे स्पेनच्या राजाचा अंमल होता. उत्तरेला न्यू मेक्सिकोत, म्हणजे आज अमेरिकेत असलेल्या मुलखात, स्पॅनिशांनी १५९८ साली वसाहत केली होती. तिकडे कुमक निघाली आणि तिच्यासोबत इसाबेल दे ओलवेरा ही बाई जाणार होती. बाप एर्नांदो काळा, आई माग्दालेना तिथली आदिवासी. अशा संततीला स्पॅनिश लोक 'मुलातो' म्हणत, बाई असेल तर 'मुलाता'. हा शिक्का जन्मभराचा. अशी बाई एकटी दिसली की तिला कुणाची तरी गुलाम ठरवायला वेळ लागत नसे.

इसाबेलने हे आधीच ओळखले. निघण्यापूर्वी ती गावच्या अधिकाऱ्यापुढे उभी राहिली. आपण स्वतंत्र आहोत, औरस आहोत, लग्नाच्या किंवा गुलामीच्या बंधनात नाही. आपण मुलाता म्हणून कुणी त्रास देईल अशी भीती आहे, तेव्हा जबाब नोंदवा आणि सही-शिक्क्याची प्रत आपल्या हाती द्या, असे तिने सांगितले. शेवटी दयेची याचना नाही, न्यायाची मागणी! साक्षीदार तीन. एक स्वतंत्र काळा माणूस, एक मिश्र रक्ताची बाई, आणि तिसरी स्वतःच गुलाम. ही तिसरी आमच्या मनातून जात नाही. जे तिला स्वतःला नव्हते, ते दुसरीला आहे अशी साक्ष ती देऊन गेली.

त्या न्यू मेक्सिकोत पुढे काय चालले, तेही अर्जांतूनच कळते. १६८० च्या पुएब्लो आदिवासींच्या उठावात सांता फेचे दप्तर जळाले, पण नंतरचे कागद आहेत. लढायांत पकडलेली आदिवासी मुले स्पॅनिश कुटुंबे विकत घेत. कागदावर त्याला 'सोडवून घेणे' म्हणत. बाप्तिस्मा द्यायचा आणि ती किंमत फेडायला घरकामाला जुंपायचे. या लोकांना 'हेनिझारो' म्हणत. १७३३ साली त्यांनी गव्हर्नर क्रूसात इ गोंगोरा याच्याकडे अर्ज केला, की ओसाड पडलेले सांदिया गाव आपल्याला वसवायला द्या. अर्ज नामंजूर.

१७४६ साली आंतोनियो कासादोस हा हेनिझारो बेलेन गावच्या जमिनीची तक्रार घेऊन थेट मेक्सिको शहरी व्हाइसरॉयकडे गेला. व्हाइसरॉयने चौकशी गव्हर्नरवरच सोपवली. कागद फिरून पुन्हा त्याच टेबलावर! कचेरीतल्या माणसाला हे नवीन नाही.

जमीन मिळाली, पण कुठे? १७५४ साली आबिकिउ येथे, जिथे कोमांची आणि यूट टोळ्यांच्या धाडी पडत. स्पॅनिश वस्त्यांपुढे हे माणसांचे कुंपण.

२००७ साली न्यू मेक्सिकोच्या विधिमंडळाने हेनिझारोंना मूळनिवासी म्हणून मान्यता दिली. १७३३ च्या त्या नामंजूर अर्जात अर्जदारांनी आपली नावे आपापल्या जमातीसकट लिहवून घेतली होती.