श्रावण सोडला, मग गटारी कशाला?



आषाढी पौर्णिमेस वर्षावासाचा आरंभ होतो. आपण विहारात जातो, त्रिशरण-पंचशील ग्रहण करतो. पुढे पंधरा दिवसांनी अमावास्या येते आणि ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत दारूच्या दुकानांपुढे रांगा लागतात. कारण त्या दिवशी ‘गटारी’! ज्यांना श्रावण पाळावयाचा असतो, ते महिन्याची तहान एका रात्रीत भागवितात. त्यांचे त्यांना लखलाभ. परंतु ज्याने श्रावणच सोडला, त्याने गटारी कशासाठी ठेवली? व्रत टाकले आणि व्रताची सबब तेवढी जपली, हे कसले धर्मांतर?

कोणी म्हणेल, “एखाद्या दिवशी एक क्वार्टर घेतली, तर काय बिघडले?” त्याने हा हिशेब ऐकावा. एका बैठकीत 60 ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात गेला की जागतिक आरोग्य संघटना त्यास अतिमद्यपान म्हणते. 42.8 टक्के मद्यार्काच्या दारूच्या 180 मिलिलिटर क्वार्टरमध्ये नेमका तेवढाच मद्यार्क असतो! मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही, असे याच संघटनेने 2023 साली बजावले आहे. दारूने यकृत सडते. घसा, अन्ननलिका आणि स्तन यांचा कर्करोगही उद्भवतो. हातभट्टीची तर गोष्टच निराळी. जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरांहून अधिक बळी घेतले. मेले ते बंगल्यांतले नव्हते. हातावर पोट असलेले गरीब होते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. पाचवे शीलही तेच सांगते. भीमजयंतीच्या मिरवणुकीत झोकांड्या खात जयघोष करणारा कोणाचा गौरव करतो?

संविधानाच्या 47 व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. पण सरकारची नजर दारूच्या महसुलावर. म्हणून भगिनींनो, त्याची वाट पाहू नका. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या मतदानाने महाराष्ट्रातील स्त्रियांनी कित्येक दुकाने बंद पाडली आहेत. तो हक्क तुमचाही आहे; तो बजावा.

आणि बंधूंनो, येत्या आषाढी अमावास्येस क्वार्टरचे पैसे मुलाच्या वह्या-पुस्तकांवर खर्च करा. शील मुखाने घेतले आहे. आता ते घरात दिसू द्या.