कामावर की बेकार? आधी आमचे जिल्हे मोजा!

गिरणीतल्या, सूतगिरणीतल्या, यंत्रमागावरच्या बंधूंनो आणि भगिनींनो,

एक साधा सवाल विचारतो. गिरणी बंद पडली. हिशेबाचे पैसे हातात पडले न पडले, तोच तुमच्या शेजारच्या साच्यावरचा सोबती वळकटी बांधून गावी गेला. गावात तीन भावांत मिळून एकरभर भातशेती. लावणीला तिघे, कापणीला तिघे आणि उरलेले महिने तिघेही पारावर. आता सांगा, हा गडी कामावर आहे की बेकार?

तुम्ही म्हणाल, हा काय सवाल झाला? बेकारच की! पण सरकारी वहीत तसे लिहिलेले नसते. २०१७-१८ पासून केंद्र सरकार मजुरांची आणि रोजगाराची नियमित पाहणी करते. तिच्यात हिशेबाच्या दोन रीती आहेत. एका रीतीत गेल्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास काम केले, की तो माणूस त्या आठवड्यापुरता कामावर! दुसऱ्या रीतीत वर्षभराकडे पाहतात, तिथेही जोडधंदा म्हणून वर्षात तीस दिवसांचे काम पुरते. घरच्या शेतात बिनपगारी हात लावला तरी ते कामच. म्हणजे तीन भावांची एक एकर जमीन तिघांना पोसत नाही, पण तिघांनाही 'कामावर' दाखवते. बेकारी कमी करण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय कुणाला सापडला असेल तर त्याने जरूर कळवावे!

पाहणी करूच नये असे आमचे म्हणणे नाही. पाहणी हवीच. पण साऱ्या राज्याचा एक आकडा काढून मंत्रालयात टाळ्या वाजवायच्या, हे आम्हांला मान्य नाही. मुंबई-ठाणे-पुण्याचा पगार आणि रत्नागिरी-बीड-वाशिमची रिकामी ओंजळ एका परातीत कालवली, तर परात भरलेलीच दिसणार. जेवणारा उपाशी राहतो तो राहतोच.

आमचे हात कुठून आले?

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावरांची. कंपनी १८५४ साली निघाली आणि १८५६ साली ताडदेवला चाक फिरले. बंदर मुंबईला, पेढ्या मुंबईला, म्हणून गिरण्या मुंबईला. पण हात? ते कोकणातून आले, घाटावरून आले. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणीमजुरांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे एकट्या रत्नागिरी जिल्ह्याची होती. सातारा, पुणे, कोल्हापूर, नगर यांचे हात त्यात मिळाले आणि लालबाग-परळ, शिवडी-नायगाव, वरळी-भायखळा हे गिरणगाव उभे राहिले.

रत्नागिरीचाच माणूस का आला? हौस म्हणून नव्हे. डोंगरउताराची जमीन, भाताचे एकच पीक, आणि वर खोताचा पाय मानेवर. खोती नष्ट करण्याचा कायदा झाला १९४९ साली. तोवर चाकरमान्यांच्या तीन पिढ्या बोटीत बसून गेल्या होत्या.

आणि एक हिशेब मालकांच्या वहीत कधी लिहिला गेला नाही. बायको-पोरे गावी, म्हातारा-म्हातारी गावी, आजारपण गावी, बाळंतपण गावी. चाळीतल्या एका खोलीत पाळीपाळीने वीस-वीस गडी झोपत आणि खाणावळीत जेवत, म्हणून मालकाला थोड्या पगारात मजूर परवडला. बाकीचा खर्च कोण सोसत होते? रत्नागिरी सोसत होती, सातारा सोसत होता. आमच्या जिल्ह्यांनी गिरणीला बिनव्याजी भांडवल पुरवले! "मुंबई आमच्या पैशाने उभी राहिली" असे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांनी आम्हांला सुनावले, त्यांनी हे भांडवल जमेस धरले नव्हते.

दारावरची रांग

बेकारी काही १९८२ साली जन्मली नाही. गिरणीच्या दारात ती पहिल्यापासून उभी आहे. तिचे नाव 'बदली'. सकाळी भोंगा व्हायच्या आधी दारात जायचे, कुणी गैरहजर राहिला तर आत, नाहीतर घरी. भरती जॉबरच्या हातात, म्हणून जॉबरचा हात ओला करायचा. १९३५ साली मालकसंघाने बदलीची कार्डे काढली. रांगेला शिस्त आली, पण रांग काही हटली नाही. महिन्यात दहा-बारा पाळ्या मिळणारा बदलीवाला कामावर की बेकार? तो सवाल तेव्हाही कुणी मिटवला नाही.

आपल्या घरातलेही दोन अन्याय मोकळेपणी सांगितले पाहिजेत. पगार बरा होता तो साचाखात्यात. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून दलित बांधवाला त्या खात्याबाहेर ठेवले. ठेवणाऱ्यांत नुसते मालक नव्हते, आपलेच सोबती होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपांच्या वेळी हा सवाल पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. दुसरा अन्याय बायांचा. १९२० च्या दशकात गिरणीत पाच कामगारांमागे जवळपास एक बाई होती, रिळिंगला आणि वाइंडिंगला. १९२९ साली बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, पुढे यंत्रे बदलली, पाळ्या वाढल्या, आणि बाया हळूहळू दारांबाहेर गेल्या. त्यांची बेकारी कुणी मोजली? 'घरकाम करते' एवढे लिहिले की संपले!

१९८२ नंतर

१८ जानेवारी १९८२. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. डॉ. दत्ता सामंतांचा तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. संपात गावानेच पोसले. तांदळाची पोती गावाहून आली, कामगार कापणीला गावी गेले. पुढे ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्राने मुंबईतल्या १३ गिरण्यांचा कारभार हाती घेतला. पण एकामागून एक भोंगे थंडावले.

मग काम गेले कुठे? लोकांनी कापड नेसायचे सोडले काय? मुळीच नाही. साचे गिरणीतून उठले आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसले. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला १९०४ साली. त्या गावाने स्वतःच्या कर्तबगारीने नाव कमावले, त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण गिरणीत आठ तासांची पाळी होती, महागाई भत्ता होता, फंड होता, ग्रॅच्युइटी होती. शेडमध्ये बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, आणि कैक ठिकाणी हजेरीबुकात नावच नाही. आकड्यात पाहाल तर गिरणीत एक गेला, शेडमध्ये एक लागला, वजाबाकी शून्य! पण त्या शून्यात माणसाचे आयुष्य गेले, ते कोण मांडणार?

जिल्ह्यांची कहाणी

आता एकेक जिल्हा घेऊन बघा.

कोकण. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही दोन टक्क्यांवर घटली. २०११ साली रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बाया होत्या. मुलगे जन्मत नाहीत असे नाही हो! जन्मतात, वाढतात आणि मोटारीत बसतात. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली. आम्ही तिचे स्वागत केले. पण गावात कारखाना नसेल तर गाडी माल नेत नाही, माणसे नेते.

गिरणगाव ज्या मुंबई शहर जिल्ह्यात आहे, त्याचीही लोकसंख्या त्याच दहा वर्षांत साडेसात टक्क्यांनी घटली. गिरण्यांची जागा टॉवरांनी घेतली, आणि चाळीतला माणूस विरार, बदलापूरकडे ढकलला गेला. उलट तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला, पुणे ३० टक्क्यांनी. माणूस कामामागे धावतो. ही जनगणना म्हणजे कामाचा नकाशाच आहे, वाचणारा पाहिजे.

घाटमाथा. कोयनेचे धरण सातारा जिल्ह्यात. गावे तिथली बुडाली, आणि १९६२ पासून तिथे वीज होऊ लागली ती मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना वरदान ठरली. ज्याचे शेत गेले त्याचा पोरगा त्याच विजेवर चालणारे यंत्र हाकायला मुंबईला गेला. याला म्हणतात, घरचे तेल देऊन दुसऱ्याच्या दिव्याखाली बसणे!

सोलापूर. तिथली 'जुनी गिरणी' १८७७ सालची. १९४९ च्या ऑगस्टमध्ये ती बंद पडली, तेव्हा ९ जानेवारी १९५० रोजी केंद्राने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. त्यावरून पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत भांडणे झाली, ती वेगळी गोष्ट. पण मनात आले तर सरकार बंद गिरणीचे कुलूप तोडू शकते, एवढे सिद्ध झाले. ती आणि तिच्यामागून इतर मोठ्या गिरण्या पुढे बंद पडल्याच. घरचा मिळवता बसला आणि घरातली बाई विडीच्या सुपाशी बसली.

विदर्भ आणि खानदेश. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. का? कापूस तिथला म्हणून. जमशेटजी टाटांना दीडशे वर्षांपूर्वी जे कळले, ते आमच्या नियोजनवाल्यांना कळू नये काय? २००२ साली एम्प्रेस बंद झाली. अमळनेर, जळगाव, पुलगाव, हिंगणघाट, अकोला, सगळ्या गिरणीगावांनी असेच दिवस पाहिले. कापूस शेतकऱ्याच्या घरून निघतो, गाठ बांधून परप्रांती जातो, आणि कापड होऊन दुप्पट-चौपट भावाने परत येतो. मधली सारी मजुरी दुसरीकडे!

मराठवाडा. निजामाच्या जाचातून १९४८ साली सुटला. नांदेड आणि औरंगाबादच्या गिरण्या होत्या, त्याही गेल्या. बीडचा माणूस दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बायकोसह ऊसतोडीला निघतो. गाव ओस, शाळा ओस. अर्धे वर्ष फडावर, अर्धे वर्ष उचल फेडायच्या काळजीत. त्याला कोणत्या जिल्ह्यात मोजायचे? जिथे राबतो तिथे की जिथे चूल आहे तिथे?

राज्य कशासाठी मागितले?

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी गिरण्या बंद करून आपले बापजादे फ्लोरा फाउंटनवर गेले आणि गोळ्या झेलल्या. १०६ हुतात्म्यांच्या रक्तातून १ मे १९६० रोजी राज्य आले. ते नुसत्या पाटीसाठी मागितले नव्हते. आपल्या भाषेत अर्ज करता यावा, आपल्या भाषेत निकाल कळावा आणि कोकण, देश, विदर्भ, मराठवाडा या भावंडांची चूल एक व्हावी, म्हणून मागितले होते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात समतोल विकासाचा शब्द दिला होता. १९८४ साली दांडेकर समितीने जिल्हा हा घटक धरून रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य यांचा ३१८६ कोटींचा अनुशेष काढला. काम उत्तम झाले, पण रोजगार हा त्या यादीतला रकाना नव्हता! १९९४ साली विकास मंडळे आली, ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. हाताला काम हा अनुशेष मात्र वहीच्या बाहेरच राहिला.

आणि हेही सांगितले पाहिजे, की आपल्याच राज्याने देशाला वाट दाखवली आहे. १९६५ साली वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर माणसे जगवायला उपयोगी पडली, १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम! हे शब्द मराठी आहेत. मग गिरणीतून बाहेर फेकलेल्या कसबी कामगाराला ही हमी का नको?

कुणी तुमच्या कानात सांगेल, "तो बिहारचा आला, उत्तर प्रदेशचा आला, म्हणून तुझे काम गेले." ऐकू नका. गिरणी त्याने बंद केली नाही. तोही आपल्यासारखाच उपाशी जिल्ह्यातून वळकटी बांधून आला आहे. स्थानिकाला आधी काम, हा आमचा हक्क आम्ही सोडणार नाही. पण तो हक्क मालकाकडून आणि सरकारकडून वसूल करायचा असतो, शेजारच्या मजुराच्या थाळीतून नव्हे. बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या मराठी मागवाल्याला त्याच्या भाषेत कागद हवा, हे आम्ही १९५६ पासून मागतो. सोलापुरातल्या तेलुगू विणकराचा कागद त्याला समजला पाहिजे, हेही आम्ही त्याच तोंडाने म्हणू.

आमच्या मागण्या

बेकारीचा आकडा तालुकावार काढा, आणि जाहीर करा. हंगामात किती महिने काम, किती महिने रिकामे, हे वेगळे लिहा. बायांचे काम मोजा. स्थलांतर करणाऱ्याला त्याच्या गावाच्या नावावर मोजा.

यंत्रमागाच्या प्रत्येक शेडमध्ये आठ तासांची पाळी, मराठीत हजेरीपत्रक आणि प्रत्येकाचे त्यात नाव.

कापूस जिथे पिकतो तिथे सूत निघू द्या, सूत निघते तिथे कापड विणू द्या. सरकारी मदत घेणाऱ्या कारखान्याने त्या तालुक्यातली किती माणसे कायम केली, याचा फलक दारावर लावावा.

गिरणीच्या जमिनीवर आमचा हक्क होता. १९९१ च्या नियमात तिचे तीन वाटे धरले होते, मालक, पालिका आणि म्हाडा. २००१ च्या दुरुस्तीने मोकळ्या जागेपुरताच हिशेब ठेवून आमचा वाटा आक्रसला. घरासाठी दीड लाखांच्या आसपास कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. घर द्या, आणि ते मुंबईत द्या!

बंधूंनो, पुढच्या सभेला येताना एक काम करा. आपल्या गावचे, गिरणीतून परत गेलेले दहा सोबती आठवा. प्रत्येकाने काय केले, पोरगा कुठे आहे, वर्षात किती महिने काम मिळते, एवढे एका कागदावर लिहून आणा. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्या. गावमंडळाच्या खोलीत बसून तालुकावार गठ्ठे करा. सरकार मोजत नाही ना? मग आपण मोजू, आणि तो कागद त्यांच्या टेबलावर आपटू. राज्य मागायला आपण रस्त्यावर उतरलो होतो, त्या राज्याकडून हिशेब मागायला आता लाज कसली?

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!