श्रेणीआधी अहवाल

म्हैसूरला निवृत्तांचे नंदनवन म्हणतात. ते खोटे नाही; पण नंदनवनातही माणसे अंथरुणाला खिळतात, आणि मुले बेंगळूर, पुणे किंवा त्याहून दूर असली म्हणजे वृद्धाश्रमाचा विचार करणे भाग पडते. त्यात लाज बाळगण्यासारखे काही आहे, असे आम्हांस वाटत नाही. लाज वाटावी ती आमच्या निवडीच्या पद्धतीची. साधा फ्रिज घेताना आम्ही त्यावरील सरकारमान्य तारे मोजतो. आईवडिलांना जेथे ठेवावयाचे ते घर मात्र दारातील संगमरवर, माहितीपत्रकातील बाग आणि कुणा ओळखीच्याची शिफारस एवढ्यावर पसंत करतो.

दोष केवळ मुलांचा नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या १९व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा एक आश्रम सांगितला आहे, आणि आश्रमांच्या व्यवस्थेचा दर्जा राज्य सरकार ठरवू 'शकेल', असेही म्हटले आहे. या 'शकेल'मध्येच सारे पाणी मुरते. वृद्धसेवागृहांची नोंदणी व किमान दर्जा यांची तरतूद करणारे दुरुस्ती-विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर न होताच २०२४ साली लोकसभेच्या विसर्जनाबरोबर निकालात निघाले. त्यासाठी कोठे मोर्चा निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. खाटेवरचा माणूस मोर्चा काढीत नाही.

यावर कोणी म्हणेल, निरीक्षक येणार म्हटले की आदल्या रात्री चादरी बदलतात. असल्या तपासणीचा उपयोग काय? आक्षेप खरा आहे, पण त्यावरून तपासणी नको असे ठरत नाही. ती न कळवता व्हावी एवढेच ठरते. इंग्लंडात केअर क्वालिटी कमिशन ही संस्था २०१४ पासून अशा गृहांना 'उत्कृष्ट'पासून 'अपुरे'पर्यंत चार श्रेणी देते, आणि २०१५ पासून ती श्रेणी दर्शनी लावणे बंधनकारक आहे. तेथेही २०२४ च्या चौकशीत निघाले की कित्येक ठिकाणी अनेक वर्षांत पुन्हा तपासणीच झाली नव्हती. पाटीवर 'चांगले', आणि पाहणाऱ्याला जाऊन युगे लोटलेली! म्हणून श्रेणी वाचण्याआधी तिची तारीख वाचावी, आणि तारखेनंतर अहवाल वाचावा.

आम्हा म्हैसूरकरांस हे निराळे सांगावयास नको. २०१५ व २०१६ साली केंद्र सरकारच्या स्वच्छता-पाहणीत हे शहर देशात पहिले आले. त्याचा अभिमान आम्हांसही आहे. पण त्या क्रमांकावरून अमक्या गल्लीतले गटार तुंबले आहे की नाही, हे कळत नव्हते. क्रमांक सरासरीचा असतो. दुर्गंधी गल्लीची असते. वृद्धाश्रमाविषयीही आम्हांस हवे आहे ते गल्लीचे ज्ञान: रात्रपाळीस किती खाटांमागे किती सेविका, वर्षात किती जण पडले, किती जणांना शय्याव्रण झाले, औषधे कोण देतो व कोण लिहून ठेवतो, तक्रारींचे पुढे काय झाले.

आणि एक रकाना असा आहे की जो कोणत्याही सरकारी तक्त्यात असणार नाही. विस्मरणाच्या विकारात पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते, बाळपणीची उरते. चाळीस वर्षे बाजारहाट कानडीत केलेली आजी मध्यरात्री "तहान लागली" असे मराठीत म्हणेल, तेव्हा ते समजणारे कोणी जवळ असेल काय? सेविका प्रेमळ असेल. पण तिला हे शब्द कोणी शिकवले आहेत काय? हे पाहण्याचे काम मुलांचे आणि येथील मराठी मंडळींचे आहे. तेथे आठवड्यातून एकदा, वेळ न कळवता जावे, आणि शक्य तो जेवणाच्या वेळी जावे.

सरकारकडे आमची मागणी मात्र स्पष्ट आहे. कायद्यातील 'शकेल' जाऊन 'केलेच पाहिजे' यावे. प्रत्येक वृद्धाश्रमाची नोंदणी व्हावी, वर्षातून निदान एकदा न कळवता तपासणी व्हावी, आणि तिचा संपूर्ण अहवाल तारखेसह आश्रमाच्या दारावर लागावा. श्रेणी द्यावयाची असेल तर ती त्या अहवालाच्या तळाशी द्यावी.