पेढीवरचा शब्द, मतदान केंद्रावरचा अर्थ

व्यापारी कुटुंबांना इंग्रजी शब्द आता परके राहिलेले नाहीत. डिपॉझिट, टेंडर, ट्रान्स्फर, रोल, पॅनेल हे शब्द चिंचवडच्या पेढीवर जितक्या सहजतेने उच्चारले जातात, तितक्याच सहजतेने चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या गाळ्यातही उच्चारले जातात. निवडणूक आली की हेच शब्द पुन्हा कानी पडतात. रूप तेच असते, अर्थ मात्र बदललेला असतो. व्यवहारात शब्दाचा अर्थ चुकला तर तोटा रुपयांत मोजता येतो. मतदान केंद्राच्या दारात तो चुकला तर पुढील निवडणुकीपर्यंत हक्काची वाट पाहावी लागते.

प्रथम ‘रोल’ हा शब्द पाहावा. कापडाच्या दुकानात रोल म्हणजे गुंडाळलेले कापड. इलेक्टोरल रोल म्हणजे मतदार यादी. जुन्या काळी नावांच्या नोंदी गुंडाळीवर होत असत, त्यावरून यादीलाच रोल म्हणू लागले. अनेकांचा समज असा असतो की, मतदार ओळखपत्र खिशात आहे म्हणजे मताचा हक्क शाबूत आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ओळखपत्र हे पासबुक आहे आणि यादी ही खतावणी आहे. खतावणीत खातेच नसेल तर पासबुक दाखवून रक्कम मिळत नाही. त्याचप्रमाणे यादीत नाव नसेल तर केवळ ओळखपत्रावर मत देता येत नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ नंतर थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. तिच्यासाठी १ जुलै २०२५ रोजीची विधानसभेची यादीच प्रभागनिहाय विभागून वापरण्यात आली. मूळ यादीत ज्याचे नाव नव्हते, त्याला प्रभागाच्या यादीत ते सापडणे शक्य नव्हते.

‘ट्रान्स्फर’ या शब्दाचेही तसेच आहे. चिंचवडगावातील जुने घर सोडून कुटुंब रावेतला किंवा वाकडला राहावयास जाते. बँक खाते, गॅसजोडणी, आधार यांवरील पत्ता आठवणीने बदलला जातो. मतदार यादीतील नाव मात्र आपोआप स्थलांतरित होत नाही. त्यासाठी नमुना ८ स्वतंत्रपणे भरावा लागतो. नव्या मतदारासाठी नमुना ६ आणि नाव वगळण्यासाठी नमुना ७ आहे. घरात निधन झाल्यास वारसनोंदीच्या धावपळीत हा सातवा नमुना बहुधा विसरला जातो आणि दिवंगत व्यक्तीचे नाव यादीत तसेच राहते.

कायद्यातील ‘ऑर्डिनरी रेसिडन्ट’ हा शब्दप्रयोग व्यापाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक समजून घ्यावा. बाजारात ऑर्डिनरी म्हणजे साधा, दुय्यम प्रतीचा माल. येथे त्याचा अर्थ ‘सर्वसाधारणपणे तेथे राहणारा’ असा आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० नुसार एखाद्या ठिकाणी केवळ घराची मालकी वा ताबा असणे म्हणजे तेथील रहिवासी असणे नव्हे. म्हणून मूळ गावी वडिलोपार्जित वाडा असला, भोसरीत गाळा असला आणि कुटुंब निगडीत राहत असले, तर मत निगडीचेच. मालमत्ता कितीही असोत, नोंद एकाच ठिकाणी असावी लागते. खोटे निवेदन करून दुसरी नोंद करणे हा त्याच अधिनियमाखाली शिक्षापात्र गुन्हा आहे.

सर्वाधिक गोंधळ ‘टेंडर’ या शब्दाने होतो. औद्योगिक पट्ट्यात टेंडर म्हणजे निविदा. ‘टेंडर्ड व्होट’ म्हणजे मात्र प्रदत्त मत. मतदार केंद्रावर पोहोचतो आणि त्याच्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेल्याचे त्याला सांगितले जाते. अशा वेळी बहुतेक लोक मुकाट्याने परततात. वस्तुतः लोकसभा व विधानसभा निवडणुकांच्या १९६१ च्या नियमांत याची तरतूद आहे. ओळखीविषयीच्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे दिल्यास मतदाराला यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका मिळते. ती स्वतंत्र पाकिटात जपून ठेवली जाते. नेहमीच्या मोजणीत ती धरली जात नाही. परंतु वाद न्यायालयात गेल्यास ती महत्त्वाची ठरू शकते. हा एक शब्द ठाऊक असलेला मतदार केंद्राध्यक्षांकडे मागणी करू शकतो. ठाऊक नसलेला केवळ संताप घेऊन घरी जातो.

महापालिकेच्या निवडणुकीत ‘पॅनेल’ हा शब्द सर्वतोमुखी असतो. पिंपरी-चिंचवडमध्ये ३२ प्रभाग आणि १२८ जागा. प्रत्येक प्रभागातून चार सदस्य. एका पक्षाचे चौघे एकत्र प्रचार करतात, म्हणून ते पॅनेल. परंतु हा प्रचाराचा शब्द आहे, कायद्याचा नव्हे. अ, ब, क, ड या चारही जागांसाठी चार स्वतंत्र मते द्यावयाची असतात आणि ती चार वेगवेगळ्या पक्षांना देण्यास कोणतीही आडकाठी नसते. घाऊक खरेदीची सवय असलेल्या व्यापाऱ्यानेही येथे प्रत्येक नग पारखून घ्यावा. एखाद्या जागेसाठी कोणीच योग्य वाटत नसेल तर त्या जागेपुरता ‘नोटा’चा पर्याय असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयाने तो देशात रुजला.

‘डिपॉझिट’ जप्त झाले, हे वाक्य निकालाच्या दिवशी हमखास ऐकू येते. बँकेतील ठेव व्याजासह परत येते. उमेदवाराची अनामत रक्कम व्याजाविना परत येते, तीही वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते मिळाली किंवा तो निवडून आला तरच.

दोन शब्द थेट मालकवर्गाशी संबंधित आहेत. पहिला ‘पेड हॉलिडे’. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३५ ब नुसार लोकसभा व विधानसभेच्या मतदानादिवशी मतदार असलेल्या कामगाराला भरपगारी सुट्टी द्यावी लागते. रोजंदारीवरील कामगारही त्यात येतो. दंड ५०० रुपयांपर्यंतच आहे, परंतु दंड लहान म्हणून कर्तव्य लहान होत नाही. दुसरा शब्द ‘ट्रीट’. वाढदिवसाची ट्रीट निर्दोष असते. मतासाठी खाणेपिणे वा करमणूक पुरवणे हा मात्र कायद्याने लाचेचाच प्रकार मानला आहे. प्रचारकाळात सोसायटीच्या आवारात अनोळखी यजमानाच्या खर्चाने जेवणावळी उठू लागल्या, तर तेथे पाहुणे होण्यापूर्वी हा अर्थ आठवावा.

इंग्रजीतील ‘व्होट’ हा शब्द लॅटिनमधील व्रत, संकल्प अशा अर्थाच्या शब्दापासून आला आहे. मराठीने त्या कृतीला मतदान म्हटले. दान या शब्दाचे मोल व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. ज्याचा मोबदला घेतला जातो, तो सौदा असतो, दान नव्हे.

दिवाळीला जुने हिशेब पूर्ण करून नव्या वहीचे पूजन होते. त्याच दिवशी घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे नाव, पत्ता आणि वय मतदार यादीत तपासून पाहण्याचा प्रघात प्रत्येक कुटुंबाने पाडावा. वहीतील चूक वर्षअखेरीस दुरुस्त करता येते. यादीतील चूक मतदानाच्या सकाळी दुरुस्त होत नाही.