हॉटेलसारखी गादी घरी आणताना

सहल महाबळेश्वरची असो वा मनालीची, घरी परतल्यावर फोटो बघून होतात, आणलेल्या जॅमच्या बाटल्या शेजारीपाजारी वाटून होतात आणि मग एका रात्री कूस बदलताना कुणीतरी म्हणतेच, 'हॉटेलात काय छान झोप लागायची!' झाले! दुसऱ्या दिवसापासून घरात नव्या गादीचा विषय सुरू होतो. 'हॉटेलसारखी' म्हणून विकल्या जाणाऱ्या गाद्यांची आता दुकानात आणि मोबाइलवरही रेलचेल आहे. किंमत बहुधा पाच आकडी असते. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी हॉटेलात झोप नेमकी कशामुळे लागली, हे शोधलेले बरे.

हॉटेलच्या बिछान्याचे हे वेड वाढवले ते वेस्टिन या अमेरिकी हॉटेलसाखळीने. १९९९ मध्ये तिने 'हेवनली बेड' या नावाने पांढऱ्याशुभ्र बिछान्याचा पलंग आपल्या खोल्यांत मांडला. वर मऊ थर शिवलेली स्प्रिंगची गादी, चादरींचे थर, दुलई आणि उशांचा ढीग असा सगळा थाट होता. पाहुण्यांना तो इतका आवडला की, 'हा पलंग आम्हाला विकत मिळेल का?' अशी विचारणा होऊ लागली आणि कंपनी तो विकूही लागली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लोक ज्याच्या प्रेमात पडले ती नुसती गादी नव्हती. तो वरपासून खालपर्यंतचा सगळा बिछाना होता.

आपल्याकडच्या चांगल्या हॉटेलांतही हेच दिसते. खालची गादी बऱ्यापैकी कडक असते. पाहुणे दिवसभर पलंगाच्या काठावर बसतात, बॅगा आदळतात; मऊ गादी तिथे टिकणारच नाही. अंगाला लागणारा मऊपणा असतो तो वरच्या टॉपरचा, म्हणजे गादीवर अंथरलेल्या दोन-तीन इंची पातळ गादीचा. त्यावर रोज बदललेली, इस्त्रीची सुती चादर. जोडीला खोलीत एसी, खिडकीला जाड पडदे आणि सकाळी दूधवाल्याची बेल नाही, डब्यांची घाई नाही! यातले शेवटचे सुख कुठल्याच दुकानात मिळत नाही.

म्हणूनच घरची गादी सपाट आणि भक्कम असेल, फक्त टणक लागत असेल, तर नवी गादी घेण्याआधी चांगला टॉपर आणून पाहावा. खर्च बराच कमी होतो. मात्र गादी खचलेली असेल तर टॉपरही तिच्याबरोबर खचतो. परीक्षा सोपी आहे. चादर काढून गादीवर आडवी सरळ काठी ठेवावी. मध्यभागी काठीखालून दोन बोटे सहज जात असतील, तर त्या गादीचे दिवस भरले असे समजावे.

नवीच घ्यायची ठरली तर दुकानदार दोन प्रकारच्या स्प्रिंगा सांगतो. 'बोनेल' प्रकारात डमरूच्या आकाराच्या स्प्रिंगा तारेने एकमेकींत गुंफलेल्या असतात. ही गादी स्वस्त पडते, पण एकाने कूस बदलली की दुसऱ्याला हेलकावा बसतो. 'पॉकेट' प्रकारात प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत असते, त्यामुळे हलणाऱ्याचा त्रास शेजारच्याला कमी होतो. नवरा रात्रपाळी करून पहाटे येत असेल, तर या फरकासाठी जास्त पैसे मोजायला हरकत नाही. फोम घ्यायचा असेल तर त्याची 'डेन्सिटी' विचारावी. ३२ किंवा ४० हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोतले वजन. जास्त आकड्याचा फोम सहसा जास्त टिकतो. तो जास्त कडक असतोच असे नाही. नुसत्या 'हॉटेल' या शब्दावरून मात्र आत काय भरले आहे, हे काहीच कळत नाही.

मेमरी फोमबद्दल थोडे सांभाळून. हा फोम १९६६ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळसंस्थेसाठी झालेल्या संशोधनातून जन्मला, हे विक्रेते अभिमानाने सांगतात आणि ते खरेही आहे. पण तो अंगाची ऊब धरून ठेवतो. एसीच्या खोलीत ते सुखाचे वाटते. नागपूरच्या मे महिन्यात नुसत्या पंख्याखाली तीच गादी नकोशी होते. जाड दुलईचेही तेच. दिल्ली-इंदूरच्या थंडीत ती हवीच, मुंबईच्या दमट हवेत ती वर्षातले बहुतेक दिवस कपाटातच पडून राहील.

कंबरदुखी असलेल्यांना घरोघरी एकच सल्ला मिळतो, 'फळीवर झोपा.' स्पेनमध्ये झालेला आणि २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वेगळे सांगतो. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांपैकी काहींना कडक, तर काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या गेल्या. तीन महिन्यांनंतर मध्यम कडक गादीवाल्यांना अधिक आराम पडल्याचे दिसले. अर्थात दुखणे पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जायला हवे.

खरी गंमत गादी घरी आल्यावर कळते. आपल्याकडचे बहुतेक पलंग पेटीचे. आत हिवाळ्याची पांघरुणे, जादा भांडी, रुखवतातली न वापरलेली ताटेही असतात! मोठ्या पलंगाची स्प्रिंगची गादी सहज चाळीस किलोच्या आसपास भरते. दर वेळी ती उचलायची कुणी? यावर हॉटेलवाल्यांचीच युक्ती उपयोगी पडते. ते पुष्कळदा दोन एकेरी गाद्या शेजारी लावून डबलबेड करतात. ७८ बाय ७२ इंचांच्या पलंगावर ३६ इंच रुंदीच्या दोन गाद्या नेमक्या बसतात, उचलायला हलक्या पडतात, आणि एकाला कडक, एकाला मऊ अशीही निवड करता येते. पलंग सुताराकडून करून घेतलेला असेल, तर गादीचे माप मात्र पट्टीच्या आतल्या बाजूने घ्यावे.

उंचीचा विचार तर कुणी करतच नाही. पलंग १६ इंच, वर १० इंची गादी आणि २ इंची टॉपर म्हणजे झाली २८ इंच! काठावर बसल्यावर सासूबाईंचे पाय जमिनीला टेकणार नाहीत, आणि रात्री बाथरूमला उठताना तोल जाण्याची भीती वेगळीच. वयस्कर माणसाच्या पलंगाची गादीसकट उंची १८ ते २० इंच असावी. जाड गादीखाली नेहमीच्या चादरीही खोचल्या जात नाहीत. म्हणजे कडेला इलॅस्टिक असलेल्या नव्या चादरींचा खर्च धरायला हवा.

घरात तान्हे बाळ असेल तर त्याला मऊ टॉपरवर, उशांच्या गराड्यात झोपवू नये. तोंड रुतून श्वास अडण्याचा धोका असतो. बाळाला सपाट, घट्ट गादीच हवी.

बहुतेक घरांत नवी गादी मुलगा-सुनेच्या खोलीत जाते आणि त्यांची जुनी, मध्ये खड्डा पडलेली गादी आईंच्या पलंगावर. वाईट हेतू कुणाचाच नसतो, 'चांगली आहे अजून' म्हणून ती सरकवली जाते. पण ज्यांची झोप आधीच उणी आणि गुडघे कुरकुरणारे, त्यांच्या वाट्याला खड्डा यावा हे काही बरोबर नाही. एकाच गादीपुरते पैसे असतील, तर ती आधी कुणाला हवी, हे घरात बसून बोलावे.

दुकानात जाताना सैल कपडे घालावेत आणि संकोच न करता चांगली दहा-पंधरा मिनिटे, रोज झोपतो त्याच कुशीवर पडून पाहावे. घरून उशी नेली तरी चालेल. दुकानदाराने असली गिऱ्हाइके पाहिलेली असतात. ऑनलाइन घेतल्यास 'शंभर रात्री वापरून पाहा' अशी सवलत काही कंपन्या देतात, तिच्या अटी वाचाव्यात. डाग पडलेली गादी बहुधा परत घेत नाहीत आणि वॉरंटीतही मोडीत काढतात. म्हणून प्लॅस्टिकचे वेष्टन काढल्याबरोबर पाणी न झिरपणारी खोळ चढवावी. दर तीन महिन्यांनी गादीची डोक्याची बाजू पायाकडे करावी. फोमला कडक ऊन सोसत नाही, म्हणून पावसाळ्यात ती भिंतीला उभी करून खाली-वर पंख्याचा वारा द्यावा.

जुनी कापसाची गादी असेल तर ती भंगारात देऊ नये. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून, नवे कापड घालून तिच्या दोन पातळ गाद्या करून घ्याव्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचरे आली की जमिनीवर अंथरायला त्याच लागतात.